अडखळत सुरू होणारा जुना संगणक : दोष कसा ओळखावा

खरिपाची पेरणी आटोपून कपाशी-मक्याची खुरपणी व कोळपणी सुरू झाली, की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला शेतकामाबरोबर कागदपत्रांचीही घाई असते. पीकविम्याचा अर्ज, सातबारा व आठ-अ यांचे उतारे, महाडीबीटी संकेतस्थळावरील ठिबक संचाचे किंवा अवजारांचे अर्ज, ही कामे आज गावच्या केंद्रातील संगणकावर होतात. खरीप पीकविम्याची मुदत सामान्यतः जुलैच्या अखेरीस येते. त्या आठवड्यात केंद्रापुढे रांग लागलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी संगणक सुरू होण्याचे नाकारतो. केंद्रचालक कळ दाबतो, पंखा क्षणभर फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो. चार वेळा खटपट केल्यावर यंत्र चालू होते आणि तेवढ्यावर समाधान मानून काम पुढे रेटले जाते. एके दिवशी मात्र ते पाचव्या वेळीही चालू होत नाही. शेतमजुरीचा दिवस मोडून आलेला शेतकरी हात हलवीत परत जातो. मुदत टळली, तर हंगामभराचे संरक्षण त्याच्या हातून निसटते.

राज्यात २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणास चालना मिळाली. २०१६ पासून त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या योजनेने घेतली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध झाला. संगणकावरील कामाचा भार असा वर्षागणिक वाढत गेला. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक मात्र अद्याप त्याच टेबलावर काम देत आहे, हे दृश्य खेड्यात दुर्मिळ नाही. यंत्र जुने आहे एवढ्याच कारणास्तव ते टाकून द्यावे असे नव्हे. परंतु कधी सुरू होणारे व कधी न होणारे यंत्र आपल्या बिघाडाची आगाऊ सूचना देत असते. ती सूचना ओळखून वेळीच उपाय करणे, हाच या लेखाचा विषय होय.

संगणक सुरू होतो तेव्हा काय घडते

दोष शोधावयाचा, तर यंत्राचा क्रम ठाऊक असला पाहिजे. कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत संगणक पुढील चार पायऱ्या चढतो.

पहिली पायरी विजेची. भिंतीवरील २३० व्होल्टचा पुरवठा एसएमपीएस नावाच्या बंद डब्यात शिरतो. तेथे त्याचे १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा लहान दाबांच्या प्रवाहात रूपांतर होते. हे दाब स्थिर झाले, की तो डबा मदरबोर्डला, म्हणजे आतील मुख्य पाटीला, ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. इशारा मिळाल्याखेरीज पुढील काम सुरू होत नाही.

दुसरी पायरी स्वतपासणीची. मुख्य पाटीवरील बायोस नावाचा लहान कार्यक्रम प्रोसेसर, रॅम, कळफलक व पडदा यांची हजेरी घेतो. सर्व ठीक असेल, तर पुष्कळ जुन्या यंत्रांत एक लहान ‘बीप’ ऐकू येते. लांब किंवा वारंवार वाजणारी बीप ही दोषाची खूण असते. तिचा नेमका अर्थ प्रत्येक बनावटीत निराळा असल्याने तो त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहावा.

तिसरी पायरी शोधाची. विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली कोठे साठविली आहे, हे बायोस शोधतो. सामान्यतः ती हार्ड डिस्कवर असते.

चौथी पायरी प्रणाली उघडण्याची. डिस्कवरील प्रणाली रॅममध्ये येते, परवलीचा शब्द विचारला जातो आणि यंत्र कामास सिद्ध होते.

यंत्र कोणत्या पायरीवर अडते एवढे नक्की कळले, तरी निम्मा दोष सापडल्यासारखा होतो. काहीच हालचाल नसेल, तर दोष पहिल्या पायरीवर शोधावा. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, तर पहिली व दुसरी पायरी पाहावी. बनावटीचे चिन्ह दिसून पुढे ‘डिस्क सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, तर दोष तिसऱ्या पायरीवर आहे. विंडोजचे चिन्ह दिसून यंत्र तेथेच रेंगाळते किंवा निळा पडदा दाखविते, तर चौथीवर. पडदा काळा असताना कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा लहान दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा जागे आहे. मग मॉनिटरची वीज व त्याची केबल प्रथम तपासावी.

आधी प्रत, नंतर नोंद, मग दुरुस्ती

संगणक अडखळू लागला, की पहिले काम दुरुस्तीचे नाही. तो ज्या वेळी सुरू होईल, त्याच वेळी ग्रामपंचायतीचे दाखले, कर-आकारणीच्या याद्या, हिशेब, शेतकऱ्यांच्या अर्जांच्या पोचपावत्या आदी महत्त्वाच्या कागदांची प्रत बाहेरील डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. शक्य असल्यास दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. यंत्राचा कोणताही भाग बाजारात विकत मिळतो, परंतु नष्ट झालेली नोंद कोणत्याही दुकानात मिळत नाही. शेतकऱ्यांची आधार व बँक खात्याची माहिती असलेली प्रत कुलुपात ठेवावी, हे सांगणे नलगे.

दुसरे काम नोंदीचे. संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, हवामान, वीज केव्हा आली, यंत्र कितव्या प्रयत्नात सुरू झाले, पडद्यावर कोणता संदेश आला आणि कोणता आवाज झाला, एवढे लिहावे. संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवल्यास अधिक बरे. गाय आजारी असता पशुवैद्य तिने केव्हापासून चारा सोडला हे प्रथम विचारतो. यंत्राचा कारागीरही हेच विचारील.

तिसरा नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा. रॅम पुसली, बॅटरी बदलली, केबल काढून घातली आणि मग यंत्र चालू झाले, तर नेमका दोष कोणता होता हे कळत नाही. तो पुन्हा उद्भवला, की सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. सोप्या व बिनखर्ची तपासण्या प्रथम कराव्यात. पेटी उघडण्यापूर्वी पेटीच्या बाहेरचे सर्व काही पाहून घ्यावे.

बाहेरील तपासणी

सर्वप्रथम संगणकाला जोडलेली अनावश्यक साधने काढावीत. विसरून राहिलेला पेनड्राइव्ह, अंगठ्याचे यंत्र, वेबकॅम, प्रिंटर यांपैकी एखाद्यामुळे यंत्र अडते. बायोस त्या पेनड्राइव्हवर प्रणाली शोधीत बसतो आणि ती न सापडल्याने थांबतो. केवळ कळफलक, माऊस व मॉनिटर ठेवून यंत्र सुरू करून पाहावे. कळफलकावर कागदांचा गठ्ठा पडून एखादी कळ दाबली गेली असेल, तरीही यंत्र तपासणीतच थांबते.

त्यानंतर विजेकडे वळावे. एका रोहित्रावर पंप, पिठाची गिरणी व घरे यांचा भार असेल, तर पंप एकदम सुरू होण्याच्या वेळी विद्युतदाब उतरतो. सकाळी न सुरू होणारा संगणक दुपारी सुरळीत सुरू होत असेल, तर दाबाचा संशय घ्यावा आणि जाणकार वीजतंत्र्याकडून दोन्ही वेळचा दाब मोजून घ्यावा. सैल सॉकेट, काळवंडलेली पिन आणि एकाच पट्टीवर खोचलेली पाच-सहा साधने, हे दोष तर डोळ्यांनीच दिसतात.

यूपीएस पुष्कळदा निर्दोष समजला जातो. वस्तुतः त्यातील शिशाची बॅटरी उष्ण खोलीत दोन-तीन वर्षांत दुर्बळ होते. अशा यूपीएसवर संगणकाचा सुरुवातीचा भार पडताच तो बंद पडतो. याची परीक्षा सोपी आहे. यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीवरील चांगल्या सॉकेटला जोडावा. आता तो प्रत्येक वेळी सुरू झाला, तर दोष यूपीएसमध्ये आहे. लेझर प्रिंटर लहान यूपीएसवर कधीही जोडू नये, कारण तो छपाईच्या वेळी एकदम मोठा प्रवाह ओढतो.

अर्थिंगकडेही दुर्लक्ष होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातील माती कोरडी पडून भेगाळते आणि तिचा उपयोग उरत नाही. पेटीच्या लोखंडाला स्पर्श करताच झिणझिण्या येत असतील, तर यंत्र त्वरित बंद करून वीजतंत्र्यास बोलवावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालण्याची सवय ठेवावी. हा दोष यंत्रापेक्षा माणसाच्या जिवास अधिक घातक आहे.

पेटीतील वीजपुरवठा

जुन्या संगणकाच्या अनियमित सुरुवातीस एसएमपीएसमधील व मुख्य पाटीवरील कपॅसिटर पुष्कळदा कारणीभूत असतात. विहिरीवरील एकफेजी पंपाच्या उदाहरणावरून शेतकऱ्यास हे सहज समजेल. पंपाचा कपॅसिटर दुर्बळ झाला, की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. संगणकातील कपॅसिटरचे काम निराळे आहे. तो विजेतील चढउतार शोषून दाब सपाट ठेवतो. परंतु त्याचे म्हातारपण सारखेच असते. आतील द्रव उष्णतेने हळूहळू आटतो, डोके फुगते, कधी त्यातून तपकिरी स्राव बाहेर येतो. अशा कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीबरोबर साधारण निम्म्यावर येते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीतील यंत्र लवकर म्हातारे का होते, याचे उत्तर येथे मिळते. १९९९ ते २००७ या सुमारास जगभर बनलेल्या अनेक संगणकांत सदोष द्रवाचे कपॅसिटर बसविले गेले होते आणि ते अकाली फुगून निकामी झाले.

या दोषाची खूण ठळक असते. रात्रभर थंड राहिलेले यंत्र सकाळी सुरू होत नाही, तीन-चार प्रयत्नांनंतर होते, आणि एकदा सुरू झाल्यावर दिवसभर ठीक चालते. थंडीच्या दिवसांत हा त्रास वाढतो, कारण आटलेला कपॅसिटर गार असताना अधिकच दुर्बळ असतो. दर आठवड्यास प्रयत्नांची संख्या वाढत जात असेल, तर निदान बहुतेक निश्चित समजावे.

यावर उपाय म्हणजे चांगल्या स्थितीतील दुसरा एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे. मल्टिमीटर वापरणाऱ्या कारागिराने यंत्र चालू असताना १२ व्होल्टचा दाब ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टचा दाब ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान आहे की नाही, हे तपासावे. एसएमपीएसचा डबा केंद्रचालकाने अगर शेतकऱ्याने कदापि उघडू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि तार काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ व २३० असे आकडे असलेली लाल कळ असल्यास ती २३० वरच राहील याची दक्षता घ्यावी. ती ११५ वर सरकली असता वीज दिल्यास डबा तत्काळ जळतो.

घड्याळाची लहान बॅटरी

मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असा क्रमांक असतो व तिचा दाब ३ व्होल्ट असतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि जुन्या यंत्रांत बायोसच्या जुळण्या लक्षात ठेवणे, हे तिचे काम. भिंतीवरील पुरवठा चालू असेल, तोवर या बॅटरीवर भार पडत नाही. केंद्र बंद करताना मुख्य बटण बंद केले जाते, तेव्हा मात्र सारा भार तिच्यावर येतो. म्हणून ग्रामपंचायतीच्या संगणकात ती लवकर संपते.

संपलेल्या बॅटरीची लक्षणे चटकन ओळखता येतात. सकाळी यंत्र जुनी तारीख दाखविते, कळ दाबून पुढे जाण्यास सांगणारा संदेश येतो, किंवा जुळण्या मूळ स्थितीत गेल्याने डिस्क ओळखली जात नाही. काही यंत्रांत डिस्क वाचण्याची रीतच बदलते आणि विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. डिस्क निकामी झाली असा समज करून घेऊन लोक ती बदलण्यास निघतात, आणि दोष असतो या नाण्याएवढ्या बॅटरीचा.

याचा आणखी एक परिणाम केंद्रचालकाच्या ध्यानात येत नाही. तारीख चुकीची असेल, तर शासकीय संकेतस्थळे उघडताना ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. कारण संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठराविक तारखांपुरतेच वैध असते आणि यंत्राला आजची तारीख त्या मर्यादेबाहेर वाटते. इंटरनेट बंद आहे असे सांगून शेतकऱ्यास परत पाठविण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख व साल पाहावे.

बॅटरी बदलण्यापूर्वी बायोसमधील जुळण्यांची छायाचित्रे घ्यावीत. यंत्राची तार काढून चालू करण्याची कळ दहा सेकंद दाबून धरावी, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. मग अधिक चिन्हाची बाजू वर राहील अशा रीतीने नवी बॅटरी बसवावी व तारीख लावावी. जुनी बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेल्यास अन्ननलिकेस काही तासांत भयंकर इजा होते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

धूळ, उष्णता व रॅम

काळ्या मातीच्या गावात रस्त्याची बारीक धूळ, कापसाचे तंतू व मळणीचा भुसा खिडकीतून आत येतो आणि पंख्याच्या ओढीने पेटीत साचतो. पावसाळ्यात हीच धूळ ओल धरते. पालीने किंवा मुंग्यांनी पेटीत आसरा घेतल्याचे व उंदराने केबल कुरतडल्याचे प्रकारही घडतात.

यंत्र सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडते व थोडे थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, हे अतिउष्णतेचे लक्षण होय. प्रोसेसरवरील पंखा फिरतो किंवा नाही हे पाहावे. प्रोसेसर व त्यावरील धातूची जाळी यांमधील लेप वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळून गेलेला असतो. तो कारागिराकडून नवा लावून घ्यावा.

स्वच्छता करताना तार काढलेली असावी. पेटी बाहेर ओट्यावर नेऊन मऊ कोरड्या ब्रशने व हवेच्या भात्याने धूळ काढावी. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने ती वेगाने फिरल्यास पंखा बिघडतो. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण आत जातात. ओले फडके वापरू नये.

पंखा फिरतो, पडदा काळा राहतो आणि बीप वारंवार वाजते, अशा वेळी रॅम प्रथम पाहावी. रॅमच्या पट्टीच्या कडेला असलेले सोनेरी दाते धूळ व दमटपणामुळे मळतात आणि संपर्क कधी होतो, कधी होत नाही. पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. मग दोन्ही बाजूंच्या खिट्या मोकळ्या करून पट्टी काढावी, दाते मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावेत, रबराचा चुरा झटकावा व पट्टी खिट्या आपोआप बसेपर्यंत दाबावी. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून यंत्र सुरू करून पाहावे. दोषी पट्टी अशा रीतीने वेगळी काढता येते. एक पट्टी काढून टाकल्यावर यंत्र मंद पण भरवशाने चालत असेल, तर हंगाम संपेपर्यंत तसेच चालविण्यास हरकत नाही.

हार्ड डिस्क

बनावटीचे चिन्ह दिसते, त्यानंतर डिस्क सापडत नाही, आणि पुन्हा कळ दाबली की सापडते, अशी तक्रार असेल, तर प्रथम डिस्कच्या दोन्ही केबल काढून घट्ट बसवाव्यात. केबल बदलून पाहणे स्वस्त असते. त्यानेही फरक पडला नाही, तर डिस्क म्हातारी झाली असे समजावे. टकटक असा ठराविक आवाज, फाईल उघडण्यास लागणारा अकारण वेळ व मधूनच गोठणारा पडदा, ही तिची लक्षणे होत. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. त्या नोंदीस स्मार्ट असे नाव असून ती वाचणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात.

अशा डिस्कवर दुरुस्तीचा कार्यक्रम चालविण्याची घाई करू नये. तो कार्यक्रम सबंध डिस्क पुनःपुन्हा वाचतो व आधीच थकलेली डिस्क त्या श्रमाने पुरती बंद पडते. प्रथम प्रत घ्यावी. डिस्क उघडणे, ठोकणे किंवा फ्रिजमध्ये ठेवणे, हे उपाय नुकसानकारक आहेत. जुन्या संगणकात साटा जोडणी असेल, तर फिरते भाग नसलेली एसएसडी बसविता येते. तिच्यामुळे यंत्र लवकर सुरू होते व धक्क्याने बिघडण्याची भीतीही कमी होते.

दोष यंत्राचा की प्रणालीचा

पेनड्राइव्हवर लिनक्स प्रणाली तयार करून तिच्यावरून यंत्र सुरू केल्यास हा प्रश्न सुटतो. यंत्र पेनड्राइव्हवरून प्रत्येक वेळी नीट सुरू होत असेल, तर वीज, मुख्य पाटी व रॅम बहुधा ठीक आहेत आणि दोष डिस्कचा किंवा तिच्यावरील प्रणालीचा आहे. पेनड्राइव्हवरूनही अडत असेल, तर दोष यंत्राच्या अंगातच आहे.

प्रणालीचा दोष बहुधा अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेल्याने उद्भवतो. अशा वेळी विंडोजची स्वदुरुस्ती पूर्ण होऊ द्यावी, मध्येच कळ दाबून यंत्र बंद करू नये. विंडोज १० मध्ये शीघ्र प्रारंभ ही सोय असते. तिच्यात यंत्र पूर्णपणे बंद न होता अर्धवट झोपते. ‘रीस्टार्ट’ केल्यास यंत्र नीट सुरू होते, परंतु रात्री बंद करून सकाळी सुरू केल्यास अडते, असा फरक दिसल्यास ती सोय बंद करून पाहावी. विंडोज ७ चे सुरक्षा-साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. शेतकऱ्यांची खाजगी माहिती हाताळणाऱ्या केंद्राने याचा विचार करून नव्या प्रणालीची अगर नव्या यंत्राची तजवीज करावी.

नोंदवहीचा उपयोग : एक उदाहरण

समजा, एखाद्या केंद्राच्या वहीत पुढील नोंदी आढळल्या. सोमवारी सकाळी तिसऱ्या प्रयत्नात सुरू, तारीख बरोबर. मंगळवारी सकाळी चौथ्या प्रयत्नात, दुपारी बंद करून लगेच सुरू केला असता पहिल्याच प्रयत्नात. बुधवारी यूपीएस वगळून थेट जोडला, तरीही तिसऱ्या प्रयत्नात. गुरुवारी रॅम पुसली, काही फरक नाही.

या चार ओळींतून पुष्कळ बोध होतो. तारीख बरोबर आहे, म्हणून लहान बॅटरीवर संशय घेण्याचे कारण नाही. यूपीएस वगळूनही त्रास कायम आहे, म्हणून तो निर्दोष. रॅम पुसून उपयोग झाला नाही. यंत्र गार असताना अडते व तापल्यावर चालते. सबब, एसएमपीएस किंवा मुख्य पाटीवरील कपॅसिटर यांकडे बोट जाते. अशी वही घेऊन केंद्रचालक कारागिराकडे गेला, तर ‘ठेवून जा, चार दिवसांनी पाहू’ असे उत्तर सहसा मिळत नाही. कारागीर दुसरा एसएमपीएस लावून पाहतो आणि यंत्र त्याच दिवशी गावी परतते. नको असलेली डिस्क व रॅम बदलण्याचा खर्चही वाचतो.

दुरुस्ती कोठवर करावी

बॅटरी, केबल, पंखा, रॅम व एसएमपीएस एवढे भाग बदलून यंत्र भरवशाचे होत असेल, तर दुरुस्ती परवडते. मुख्य पाटीच निकामी झाली असेल, तर तिच्यावर पैसा घालणे सहसा हितावह नसते. बैल म्हातारा झाला, की शेतकरी त्याला हलक्या कामास ठेवतो. तद्वत जुना संगणक टंकलेखनास किंवा मुलांच्या अभ्यासास ठेवावा आणि मुदतीच्या कामास दुसरे यंत्र घ्यावे.

निकामी भाग उकिरड्यावर टाकू नयेत व तांब्यासाठी केबल जाळू नयेत. त्या धुरात व राखेत विषारी द्रव्ये असतात आणि ती अखेर शेतजमिनीत व विहिरीच्या पाण्यात उतरतात. ई-कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यानुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे.

हंगामापूर्वीची तयारी

शेतकरी मृगापूर्वी तिफण व कुळव तपासून घेतो. पावसाने वाफसा दिल्यावर फण शोधीत बसत नाही. केंद्रातील संगणकासही हाच न्याय लावावा. मे महिन्याच्या अखेरीस पेटीतील धूळ काढावी, यूपीएसची बॅटरी व अर्थिंग तपासावे, तारीख बरोबर राहते किंवा नाही हे मुख्य बटण रात्रभर बंद ठेवून पाहावे, कागदपत्रांची प्रत घ्यावी. एक सीआर २०३२ बॅटरी व डिस्कची एक केबल खणात जादा ठेवावी. लिनक्सचा पेनड्राइव्हही तयार ठेवावा, म्हणजे डिस्क ऐन वेळी बंद पडली तरी त्यावरून इंटरनेट चालविता येते आणि निकडीचा अर्ज भरण्याचा प्रयत्न करता येतो.

शेतकऱ्यांनीही मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. गावातील संगणक एकच असतो आणि तो यंत्र आहे. अर्ज चार-आठ दिवस अगोदर भरला, तर यंत्र अडले तरी शेजारच्या गावी किंवा तालुक्यास जाण्यास अवधी उरतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत अवश्य समजावून सांगावी.

सारांश, अडखळणाऱ्या संगणकाची प्रथम प्रत घ्यावी, मग तो कोणत्या पायरीवर अडतो याची नोंद ठेवावी. तपासणी बाहेरून आत करावी आणि एका वेळी एकच बदल करावा. एसएमपीएसचा डबा उघडू नये. तिसऱ्या प्रयत्नात सुरू होणारे यंत्र दुरुस्तीस अजून वेळ आहे असे सांगत असते. तो वेळ हंगाम उभा राहण्यापूर्वी उपयोगात आणावा.